‘आधी युद्ध जिंकू, न्यायाचे नंतर पाहू’

देश युद्धात उतरला की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. आता प्रश्न विचारण्याची वेळ नाही, आधी शत्रूचा बंदोबस्त होऊ द्या, हक्कांचे आणि दिलेल्या शब्दांचे काय ते मागाहून पाहता येईल, असे सत्ताधारी सांगतात आणि बहुसंख्य नागरिकांना ते पटतेही. ज्यांच्या मागण्या पुढे ढकलल्या जातात त्यांनाही कित्येकदा मान डोलवावी लागते, कारण न डोलवणाऱ्याच्या निष्ठेवर लगेच शंका घेतली जाते. या युक्तिवादाचे खरे बळ असे की तो तत्त्वाचा म्हणून नव्हे, तर व्यवहाराचा म्हणून मांडला जातो: न्याय कुणाला नको आहे, पण लढाई चालू असताना तो परवडत नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. म्हणून त्याची परीक्षाही व्यवहाराच्याच कसोटीवर व्हायला हवी. न्याय लांबणीवर टाकल्याने युद्ध जिंकणे खरोखर सोपे झाले का, आणि लांबणीवर टाकलेला न्याय युद्ध संपल्यावर आपणहून पदरात पडला का, हे दोन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.

या परीक्षेला दुसऱ्या महायुद्धातील अमेरिका बसवून पाहावी, असे मला वाटते. त्या युद्धाची बाजू न्याय्य होती. नाझी जर्मनी आणि लष्करशाही जपान यांचा पराभव होणे मानवजातीच्या हिताचे होते आणि त्यासाठी चार लाखांहून अधिक अमेरिकी सैनिकांनी प्राण दिले, हे विसरून या विषयावर बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्याच अमेरिकेने हे युद्ध लढताना जगाला फार मोठी वचने दिली होती. ६ जानेवारी १९४१ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, चार स्वातंत्र्यांचा उच्चार केला. भाषणाचे, उपासनेचे, अभावापासूनचे आणि भयापासूनचे स्वातंत्र्य जगात सर्वत्र असले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत युद्धनौकांवर रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले आणि १४ ऑगस्टला अटलांटिक सनद जाहीर झाली. आपण कोणत्या राज्यपद्धतीखाली राहायचे हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क तिच्या तिसऱ्या कलमात मान्य करण्यात आला होता. अमेरिका तेव्हा अजून युद्धात उतरलेलीही नव्हती. ही वचने शत्रूच्या दबावाखाली किंवा घाईगर्दीत दिलेली नव्हती, ती विचारपूर्वक दिलेली होती.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यावर माझा बराचसा युक्तिवाद उभा आहे. युद्धकाळात लोकशाही थांबवावीच लागते, हा समज अमेरिकेने स्वतःच खोटा ठरवला होता. ब्रिटनमध्ये १९३५ नंतरची सार्वत्रिक निवडणूक थेट १९४५ मध्ये झाली. अमेरिकेत मात्र नोव्हेंबर १९४२ मध्ये, उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरण्याच्या तोंडावर, काँग्रेसच्या निवडणुका ठरल्या दिवशी झाल्या आणि रूझवेल्ट यांच्या पक्षाने त्यात बऱ्याच जागा गमावल्या. नोव्हेंबर १९४४ मध्ये युरोपात आणि पॅसिफिकमध्ये घनघोर लढाई चालू असताना अध्यक्षपदाची निवडणूकही झाली. मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्या अध्यक्षतेखालील समिती मार्च १९४१ पासून संरक्षण कंत्राटांतील उधळपट्टी आणि लबाडी उघडकीला आणत होती. ओहायोतील कर्टिस-राइटच्या कारखान्यात विमानांची सदोष इंजिने तपासणीतून पार केली जात असल्याचे या समितीने चव्हाट्यावर मांडले, तेव्हा शत्रूच्या हाती कोलीत देऊ नका, असे म्हणून तिला गप्प बसवण्यात आले नाही. सदोष इंजिनाचे विमान घेऊन उडणाऱ्या वैमानिकाचे प्राण या प्रश्न विचारण्याने वाचत होते. जून १९४३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात असा निर्णय दिला की धर्मश्रद्धेमुळे ध्वजाला वंदन करण्यास नकार देणाऱ्या शाळकरी मुलांवर सरकारला सक्ती करता येणार नाही. तीनच वर्षांपूर्वी, शांततेच्या काळात, याच न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिला होता. म्हणजे हक्क रुंदावण्याचे काम भर युद्धात होऊ शकत होते आणि झाले.

तेव्हा ज्यांचे हक्क लांबणीवर टाकले गेले ते युद्धाच्या अपरिहार्य गरजेपोटी टाकले गेले नाहीत. कुणाचे हक्क थांबू शकतात आणि कुणाचे नाही, याची निवड केली गेली.

जपानी वंशाच्या नागरिकांचे प्रकरण याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे एक लाख वीस हजार लोकांना उठवण्यात आले. त्यातले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. खांबाखांबांवर डकवलेल्या आदेशांत सोबत काय आणायचे याची यादी असे: अंथरूण-पांघरूण, पण गादी नाही, अंगावरचे जादा कपडे, आणि घरातल्या प्रत्येकासाठी सुरी, काटा, चमचा, ताटली, वाटी, पेला. जेवढे स्वतःला उचलता येईल तेवढेच न्यायचे. पाळीव प्राणी चालणार नाहीत. शेते, दुकाने, मासेमारीच्या होड्या मिळेल त्या भावाला विकून ही कुटुंबे आधी तात्पुरत्या तळांवर आणि मग काटेरी तारांमागच्या दहा छावण्यांत गेली. लॉस एंजलिसजवळच्या सँटा अनिटा रेसकोर्सवर त्यांच्यातल्या हजारोंना घोड्यांच्या तबेल्यांत राहावे लागले. पश्चिम किनाऱ्याचे लष्करी प्रमुख जनरल जॉन डेविट यांनी वरिष्ठांना लिहिले होते की आजपर्यंत घातपाताचा एकही प्रकार घडलेला नाही, हीच गोष्ट पुढे तसे घडणार असल्याची अस्वस्थ करणारी खूण आहे. हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी ते मला पूर्वीपेक्षा अधिक भयंकर वाटते. ज्या आरोपातून निर्दोष वागूनही सुटका नाही, तो आरोप संरक्षणाच्या गरजेतून आलेला असूच शकत नाही.

आणि याची खातरजमा करायला हवाई बेटे आहेत. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला तिथे झाला होता. पॅसिफिक आरमाराचा तळ तिथे होता आणि लोकसंख्येपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे, म्हणजे दीड लाखांवर होते. धोका कुठे खरा असेल तर तो तिथेच असायला हवा होता. तिथे सर्वांवरच लष्करी कायदा लादला गेला होता, हे खरे. पण वंशाच्या आधारे सरसकट उचलबांगडी झाली नाही. स्थानबद्ध झालेल्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास राहिली. लष्करी गव्हर्नर डेलोस एमन्स यांनी वॉशिंग्टनचा दबाव मानला नाही, कारण या लोकांवाचून गोदी, बांधकाम आणि शेती चालणार नव्हती. त्या बेटांवर घातपात झाला नाही. हजारो मैल मागे असलेल्या कॅलिफोर्नियात मात्र शेतजमिनीवरची जुनी असूया आणि वंशद्वेष यांना राष्ट्रीय सुरक्षिततेचे नाव मिळाले. डिसेंबर १९४४ मध्ये या उचलबांगडीविरुद्धच्या कोरेमात्सु खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने सरकारची पाठराखण केली. भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी इशारा दिला की हे तत्त्व आता भरलेल्या बंदुकीसारखे पडून राहील, तातडीच्या गरजेचा पटण्याजोगा दावा करू शकणारा कुणीही अधिकारी ती उचलील. ध्वजवंदनाच्या खटल्यात बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती हेच.

याच छावण्यांपैकी आर्कान्सामधल्या जेरोम येथून रॉय मात्सुमोतो हा तरुण सैन्यात भरती झाला. त्याचा जन्म कॅलिफोर्नियाचा, शिक्षण काही काळ हिरोशिमाला. दुभाष्या म्हणून त्याची निवड झाली आणि पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांच्या तुकडीबरोबर तो ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात उतरला. तुकडीचा पहिला मुक्काम नाशिकजवळच्या देवळाली छावणीत होता. देवळालीच्या लष्करी इतिहासात या तुकडीतल्या चौदा जपानी-अमेरिकी दुभाष्यांची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही, काढली पाहिजे. एप्रिल १९४४ मध्ये उत्तर ब्रह्मदेशातील न्फुम गा या टेकडीवर या तुकडीची एक पलटण जपान्यांच्या वेढ्यात सापडली. पाणी संपत आले होते, मेलेल्या खेचरांची दुर्गंधी सुटली होती. मात्सुमोतो रात्री सरपटत शत्रूच्या खंदकांजवळ जाऊन त्यांचे बोलणे ऐकून येत असे. किराणा मालाच्या दुकानात काम करताना गिऱ्हाइकांकडून कानावर पडलेली क्यूशूची बोली इथे उपयोगी पडली, कारण समोरची डिव्हिजन त्याच भागातली होती. एका रात्री पहाटेच्या हल्ल्याचा बेत त्याने ऐकला. त्या बाजूचे खंदक रिकामे करून सापळा लावण्यात आला. जपान्यांची पहिली फळी गोळीबारात कोसळल्यावर मागची फळी गोंधळून थांबली, तेव्हा मात्सुमोतोने उठून जपानी भाषेत ‘चढाई करा’ असा हुकूम ओरडून दिला, आणि तीही फळी पुढे येऊन मारली गेली.

ज्या भाषाज्ञानामुळे आणि ज्या वंशामुळे देशाने त्याला तारेच्या कुंपणामागे टाकले होते, त्याच ज्ञानाने देशाची एक पलटण वाचवली. अशा किती माणसांचा उपयोग त्या कुंपणामागे वाया गेला असेल, याचा हिशेब कोणत्याही युद्धखात्याने ठेवलेला नाही. छावण्या बांधायला, त्यांना अन्न पुरवायला आणि त्यांच्यावर पहारे ठेवायला लागलेला पैसा, माणसे आणि लाकूड युद्धाच्या खर्चातूनच गेले. परवडत नव्हते ते हे होते.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बाबतीत सरकारचे उत्तर आणखी सरळ होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या कृष्णवर्णीय संपादकांना लष्कराच्या प्रवक्त्याने सुनावले की लष्कर ही समाजशास्त्राची प्रयोगशाळा नव्हे. त्यामुळे सैन्य रंगानुसार विभागलेलेच राहिले. रेड क्रॉसने तर कृष्णवर्णीय दात्यांचे रक्त आधी नाकारले आणि जानेवारी १९४२ पासून घ्यायला सुरुवात केली तेव्हा ते वेगळे ठेवले, जणू जखमी शिपायाच्या शिरेत गेल्यावर रक्ताला रंग आठवणार होता. आसाममधील लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता बांधणाऱ्या सुमारे पंधरा हजार अमेरिकी सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते; पावसात, मलेरियात आणि दरडींखाली त्यांनी तो रस्ता केला.

देशांतर्गत आघाडीवर चित्र काय होते? फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि डेट्रॉइटचे कारखाने रणगाडे, इंजिने, विमाने बनवू लागले. साखर, कॉफी, पेट्रोल, टायर रेशनवर आले. घरोघरी भाजीचे वाफे झाले, लाखो स्त्रिया प्रथमच कारखान्यांत गेल्या. एवढ्या मोठ्या उभारणीला हात कमी पडत होते, तरी अनेक कारखाने कृष्णवर्णीयांना झाडूवाल्यापलीकडचे काम देत नव्हते. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयान सेवकांच्या संघटनेचे नेते. नोकऱ्यांतला भेदभाव थांबला नाही तर १ जुलै १९४१ रोजी एक लाख लोकांचा मोर्चा वॉशिंग्टनवर नेऊ, असे त्यांनी जाहीर केले. अध्यक्षांनी पत्नी एलेनॉर आणि न्यूयॉर्कचे महापौर यांच्यामार्फत त्यांची समजूत काढण्याचा प्रयत्न केला. ही वेळ बरोबर नाही, हेच ते म्हणणे. रँडॉल्फ हलले नाहीत. मोर्च्याला आठवडा उरला असताना, २५ जूनला, संरक्षण उद्योगांतील भेदभावाला बंदी करणारा ८८०२ क्रमांकाचा आदेश निघाला. आदेशाची अंमलबजावणी करणारी समिती दुबळी होती, तरीही युद्ध संपेपर्यंत या उद्योगांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर गेले. त्यामुळे उत्पादन घटले असे म्हणण्याची कुणाचीही छाती नाही.

उत्पादन कशाने घटले याचा दाखलाही उपलब्ध आहे. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात, जिथे लढाऊ विमानांची मर्लिन इंजिने बनत होती, तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळाली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोरे कामगार काम सोडून बाहेर पडले. त्याच महिन्यात शहरात दंगल उसळली आणि चौतीस माणसे मेली. त्यांतली पंचवीस कृष्णवर्णीय होती. समतेच्या मागणीने युद्धकार्यात फूट पडते, असे सांगणाऱ्यांनी या घटनेकडे नीट पाहावे: फूट मागणीने पडलेली नव्हती, ती मागणीला विरोध करणाऱ्यांनी पाडली होती, आणि वर्षानुवर्षे त्यांच्या कलाने घेत आलेल्या सरकारने त्यांना तसे करण्याचे बळ दिले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात आठ कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना ट्राम चालवण्याचे प्रशिक्षण मिळणार म्हणून गोऱ्या कर्मचाऱ्यांनी शहराची वाहतूक बंद पाडली, तेव्हा रूझवेल्ट यांनी हजारो सैनिक पाठवले. संप काही दिवसांत मोडला आणि त्या आठ जणांनी ट्रामची चाके हाती घेतली. सरकारने मनावर घेतले तेव्हा आठवडाही लागला नाही.

आघाडीवरचे शिपाई या बाबतीत सरकारच्या पुढे होते, असे मानायला जागा आहे. एप्रिल १९४४ मध्ये ‘यांक’ या लष्करी साप्ताहिकात एका कृष्णवर्णीय कॉर्पोरलचे पत्र छापून आले. लुइझियानातील एका रेल्वे स्थानकाच्या उपाहारगृहात त्याला आणि त्याच्या सोबत्यांना मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन खावे लागले, आणि त्याच वेळी जर्मन युद्धकैदी पहारेकऱ्यांसह समोरच्या टेबलांवर बसून जेवत, बोलत, सिगारेट ओढत होते. आम्ही कशासाठी लढतो आहोत, असे त्याने विचारले होते. साप्ताहिकाकडे आलेल्या शेकडो पत्रांपैकी बहुतेक, गोऱ्या सैनिकांचीसुद्धा, त्याच्या बाजूची होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आर्डेन्सच्या लढाईत पायदळाला माणसे कमी पडू लागली, तेव्हा मागच्या फळीत सामान वाहणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांना स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन झाले. हजारोंनी नावे दिली. कित्येक सार्जंटांनी त्यासाठी आपला हुद्दा सोडला. त्यांच्या प्लाटून गोऱ्या कंपन्यांत घालण्यात आल्या. नंतर लष्करानेच केलेल्या पाहणीत शेजारी लढलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी आणि सार्जंटांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोकांनी आपले मत पूर्वीपेक्षा चांगले झाल्याचे सांगितले. वरिष्ठांनी ती पाहणी त्या वेळी प्रसिद्ध होऊ दिली नाही.

आता राजनीतीकडे वळतो, कारण भारतीय वाचकाला हा प्रश्न तिथे थेट भिडतो. अटलांटिक सनदेचे तिसरे कलम भारताला लागू नाही, असे चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये पार्लमेंटात सुचवले. रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९४२ मधील रेडिओ भाषणात सनद साऱ्या जगाला लागू असल्याचे म्हटले, पण भारताचे नाव घेतले नाही. मार्चमध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स भारतीय नेत्यांशी बोलणी करायला दिल्लीला आले. ३ एप्रिलला रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी लुइस जॉन्सन दिल्लीत पोहोचले आणि संरक्षणखात्याच्या वाटणीवर क्रिप्स आणि नेहरू यांच्यात तोडगा निघावा म्हणून त्यांनी मनापासून खटपट केली. लंडनहून तो तोडगा मोडीत निघाला. ११ एप्रिलच्या तारेत रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना बजावले की अमेरिकी लोकमताच्या दृष्टीने बोलणी फिसकटण्याचा दोष ब्रिटनच्या नकाराकडे जातो. चर्चिल यांनी राजीनाम्याची भाषा केली आणि रूझवेल्ट मागे हटले.

रूझवेल्ट यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. सिंगापूर फेब्रुवारीत पडले होते, रंगून मार्चमध्ये, आणि क्रिप्स बोलणी फिसकटली त्याच आठवड्यात फिलिपीन्समधील बताआन येथे अमेरिकी फौजेने शरणागती पत्करली. ब्रिटनवाचून हिटलरशी लढणे अशक्य होते. अशा वेळी चर्चिल यांना दुखावण्याची जोखीम कोण घेणार? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण गप्प राहण्याचीही एक जोखीम होती आणि तिची किंमत चार महिन्यांत मोजावी लागली. जुलैच्या आरंभी गांधीजींनी सेवाग्रामहून रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. भारत आणि आफ्रिका यांची ब्रिटनकडून पिळवणूक चालू असताना आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांचा प्रश्न असताना स्वातंत्र्यासाठी लढत असल्याची दोस्तांची घोषणा पोकळ वाटते, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे लिहिले होते. रूझवेल्ट यांचे उत्तर हाती पडण्याआधीच, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाल्यावर, ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या कार्यसमितीची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. पुढच्या काही आठवड्यांत बिहार आणि पूर्व संयुक्त प्रांतातले रेल्वेमार्ग उखडले गेले. हे मार्ग आसामच्या आघाडीकडे जाणारे होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशाच्या सीमेवर उभे असताना सत्तावन्न बटालियन देशातला उठाव चिरडण्यासाठी गुंतल्या. १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि लष्करी सुरक्षिततेपोटी त्याची तीव्रता आपण जगापासून लपवली आहे, असे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिल यांना कळवले. आघाडीचा एकोपा राखण्यासाठी जो प्रश्न टाळला गेला, त्यानेच आघाडीची पिछाडी पोखरली. त्या वेळी वॉशिंग्टनने केले ते एवढेच की भारतातल्या अमेरिकी सैनिकांनी अंतर्गत भानगडीत पडू नये असा हुकूम काढला.

जानेवारी १९४३ मध्ये आलेले दुसरे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स हे स्वभावाने ब्रिटनचे चाहते होते. गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या काळात ते भारतात होते, भेटीची परवानगी त्यांनी मागितली आणि ती नाकारण्यात आली. मे १९४३ मध्ये त्यांनी रूझवेल्ट यांना लिहिले की भारतीय जनतेला हे युद्ध आपले वाटत नाही आणि त्यांना स्वातंत्र्याची ठोस खात्री दिल्याखेरीज ते वाटणारही नाही. ते पत्र वर्षभर दाबून राहिले आणि जुलै १९४४ मध्ये एका वृत्तपत्रीय सदरातून फुटले. म्हणजे लष्करी दृष्टीनेसुद्धा हा प्रश्न आता सोडवला पाहिजे, हे अध्यक्षांना त्यांच्याच माणसाने सांगितलेले होते.

बंगालच्या दुष्काळाचे माप मी वेगळे धरतो. एप्रिल १९४४ च्या अखेरीस चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियातून भारताकडे गहू नेण्यासाठी अमेरिकी जहाजे मागितली आणि १ जूनला रूझवेल्ट यांनी नकार दिला. नॉर्मंडीत सैन्य उतरायला पाच दिवस उरले होते; जहाजांची टंचाई खरी होती. लाखो माणसे भुकेने मेलेली असताना हा नकार वाचणे सोपे नाही, आणि अभावापासूनच्या स्वातंत्र्याचे वचन बंगालला का लागू झाले नाही हा प्रश्न उरतोच. तरीही खऱ्या टंचाईतून आलेली अडचण आणि टंचाईची सबब यांत फरक केला पाहिजे. मात्सुमोतोला छावणीत ठेवल्याने किंवा ट्रामचालकाला अडवल्याने कोणतीही टंचाई दूर होत नव्हती.

आणि गरज वाटली तेव्हा जुना अन्याय युद्ध चालू असताना दूर करता येत होता, हे चीनच्या बाबतीत दिसले. चिनी लोकांना अमेरिकेत येण्यास मज्जाव करणारा १८८२ पासूनचा कायदा जपानी प्रचाराला आयते हत्यार पुरवत होता. ‘भूतकाळातल्या आपल्या चुका मान्य करून त्या दुरुस्त करण्याइतके मोठे आपण झाले पाहिजे,’ असे रूझवेल्ट यांनी काँग्रेसला सांगितले आणि डिसेंबर १९४३ मध्ये तो कायदा रद्द झाला. वर्षाला एकशेपाच माणसांचा कोटा ही नगण्य गोष्ट होती, पण चिनी माणसाला नागरिकत्वाचा हक्क मिळाला. भारतीयांना तोच हक्क मिळायला जुलै १९४६ उजाडला, म्हणजे युद्ध संपून वर्ष होत आले होते.

मग जे ‘नंतर’ म्हणून सांगितले जात होते ते नंतर आले का? १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सैन्यातून मुक्त झालेला सार्जंट आयझॅक वुडर्ड गणवेशातच बसने घरी निघाला होता. बसचालकाशी बोलाचाली झाली म्हणून साउथ कॅरोलायनातल्या बेट्सबर्गला त्याला उतरवण्यात आले आणि पोलिसाने सोट्याने मारहाण करून त्याचे दोन्ही डोळे फोडले. गोऱ्या ज्युरीने त्या पोलिस प्रमुखाला अर्ध्या तासात निर्दोष सोडले. परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज देणारा १९४४ चा कायदा कागदावर रंग पाहत नव्हता, पण त्याची अंमलबजावणी स्थानिक बँका आणि कचेऱ्यांच्या हाती असल्याने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना घरकर्ज क्वचितच मिळाले. जपानी वंशाच्या छावणीवासीयांची सरकारने रीतसर माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये. तोवर त्या पिढीतले अनेक वृद्ध जग सोडून गेले होते. भारताला स्वातंत्र्य मिळाले ते भारतीयांच्या लढ्याने आणि ब्रिटनच्या दुबळेपणाने. अटलांटिक सनदेचा तिसरा मुद्दा आठवून कुणी ते दिलेले नाही. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम एडवर्ड ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का याचा ते विचार करत होते. आपली पाळी आपणहून येणार नाही, हे ओळखलेल्या दोन माणसांमधला तो पत्रव्यवहार आहे.

सैन्यातली विभागणी संपली ती कशी, हेही पाहण्याजोगे आहे. १९४८ मध्ये सक्तीच्या भरतीचा नवा कायदा येऊ घातला, तेव्हा रँडॉल्फ यांनी सिनेट समितीपुढे जाऊन सांगितले की विभागलेल्या सैन्यात भरती होऊ नका असे आपण तरुणांना उघडपणे सांगू, तुरुंगात जावे लागले तरी. २६ जुलैला अध्यक्ष ट्रूमन यांनी समान वागणुकीचा आदेश काढला. सेनाधिकारी दोन वर्षे टाळाटाळ करत राहिले. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, गोऱ्या पलटणींत माणसे भराभर कमी होऊ लागली, आणि आघाडीवरच्या सेनानींनी जो हाती आला तो शिपाई रंग न पाहता रिकाम्या जागी घ्यायला सुरुवात केली. १९५१ मध्ये तिथले सरसेनापती जनरल मॅथ्यू रिजवे यांनी विभागणी मोडण्याची अधिकृत परवानगी मागितली आणि ती मिळाली. ऑक्टोबरमध्ये १८६९ पासून वेगळी चालत आलेली चोविसावी कृष्णवर्णीय पायदळ रेजिमेंट बरखास्त होऊन तिचे सैनिक इतर पलटणींत गेले. समाजशास्त्राच्या प्रयोगाला युद्धात जागा नाही असे दहा वर्षांपूर्वी सांगणाऱ्या लष्करानेच तो प्रयोग खंदकांत केला. लढाई त्यानंतर जवळपास दोन वर्षे चालू राहिली, आणि ती मिश्र पलटणींनी लढली.